पेंढ्याचं गिफ्ट

ऑफिसातला सिक्रेट सांता, घरातला नाताळ आणि अबोला धरून बसलेले सासरे. या सगळ्यांना द्यायचं तरी काय? उत्तर मॉलमध्ये मिळालं नाही. ते मिळालं कर्जतच्या एका खळ्यावर.

डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला की आमच्या ऑफिसात एक काचेची बरणी फिरते. चिठ्ठ्यांची. प्रत्येकाने एक उचलायची, ज्याचं नाव येईल त्याचा 'सिक्रेट सांता' व्हायचं आणि पाचशे रुपयांच्या आत त्याला गिफ्ट द्यायचं. गेल्या चार वर्षांत या योजनेचा लाभार्थी म्हणून मला मिळालेला ऐवज असा : दोन कॉफी मग, एक सुगंधी मेणबत्ती आणि एक इवलंसं कॅक्टस. कॅक्टस मी पाणी घालून घालून मारलं. मेणबत्ती मात्र लाइट गेल्यावर कामी येते. कर्जतला राहत असल्यामुळे ती बऱ्यापैकी कामी आली.

गेल्या वर्षी माझ्या चिठ्ठीत अकाउंट्समधल्या एका मॅडमचं नाव निघालं. मी त्यांना काय दिलं असेल? दोन किलो नवा तांदूळ. कापडी पिशवीत बांधून, वर लाल रिबन. सगळा फ्लोअर फिदीफिदी हसला. 'अरे, रेशनचं दुकान काढलंस का?' वगैरे झालं. दुसऱ्या दिवशी मॅडम माझ्या डेस्कपाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, 'दहा किलो मिळेल का? भात शिजताना घरभर वास सुटला होता रे.'

तर गिफ्टच्या बाबतीत मला थोडंफार कळायला लागलंय, असं मला तेव्हा वाटलं. पण ती सोपी परीक्षा होती. अवघड पेपर पुढे होता. तो वसईला राहतो आणि तो माझा सासरा आहे.

लास्ट स्टेशन, कर्जत

आधी घराबद्दल सांगतो. लग्न ठरलं तेव्हा आम्ही ठाण्यात फ्लॅट बघायला सुरुवात केली. मग डोंबिवलीत. मग बदलापुरात. बजेट तेच आणि आम्ही मात्र एकेक स्टेशन पुढे सरकत चाललेलो. शेवटी लाइनच संपली आणि आम्ही कर्जतला उतरलो. सीएसएमटीपासून बरोब्बर शंभर किलोमीटर म्हणा ना. ठाण्यापर्यंत साधारण दीड तास, तिथून पुढे ऐरोली. रोज. मित्रांना वाटतं, मी वेडा आहे. पण हेच मित्र वीकएण्डला फोन करून विचारतात, 'काय रे, तुझ्याकडे जागा आहे का?'

कर्जत स्टेशन हे एक भन्नाट प्रकरण आहे. पुढे बोरघाट. १८६३ मध्ये या घाटातून गाडी धावायला लागली. चढ इतका खडा, की जिथे तो सर्वाधिक आहे तिथे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. म्हणून पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना इथे मागून जादा इंजिनं लावतात. त्यांना म्हणतात बँकर. हे बँकर लागेपर्यंत गाडी थांबणार आणि गाडी थांबली की माणसाला भूक लागणार. कर्जतच्या बटाटेवड्याचं सगळं वैभव या दोन-तीन मिनिटांच्या थांब्यावर उभं आहे. दिवाडकरांचा वडा दोन-तीन पिढ्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून खाल्लाय. आम्ही कर्जतकर मात्र तो प्लॅटफॉर्मवर उभं राहून, गाडी सुटायची घाई नसताना खातो. एवढी तरी चैन आम्हाला असायला हवी की नको?

इथली डिसेंबरची सकाळ अनुभवायची असेल तर पहिल्या लोकलच्या वेळी या. उल्हास नदीवरून धुकं उठून थेट रुळांवर आलेलं असतं. समोरचा प्लॅटफॉर्म दिसत नाही, फक्त कुणाच्या तरी चहाच्या ग्लासचा आवाज येतो. कानटोप्या घातलेली माणसं जागा धरायला सज्ज. त्या धुक्यातून खोपोलीची लोकल लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी करत आलेली असते. या चार स्टेशनांची नावं पाठ असणं ही पक्का कर्जतकर असल्याची खूण. मला दोन वर्षं लागली.

कामट्या आणि कोंढाणे

आता छंद. पूर्वी माझा छंद होता ट्रेकिंग आणि त्याहून मोठा छंद म्हणजे ट्रेकिंगचे फोटो टाकणं. पेठचा कोथळीगड, पेबचा किल्ला, खांडसवरून शिडी घाटाने भीमाशंकर, सगळं झालं. कर्जतला राहायला आलो आणि गंमत म्हणजे ट्रेक कमी झाले. डोंगर रोज खिडकीतून दिसायला लागला की माणूस त्याला गृहीत धरतो, बायकोला धरतो तसा. (हे वाक्य बायकोने वाचलंय आणि तिची परवानगी आहे.)

त्याऐवजी एक वेगळंच वेड लागलं. बांबूचं. कशेळेकडच्या एका ठाकरवाडीत एक मामा सुपं, टोपल्या विणतात. मी त्यांच्याकडे एकदा टोपली घ्यायला गेलो आणि तिथेच बसलो. आता महिन्यातले दोन रविवार तरी तिथे जातात. हिरवा बांबू कोयत्याने उभा फोडायचा, त्याच्या कामट्या काढायच्या, कामटी तासून तासून कागदासारखी बारीक करायची. मामांचा कोयता लोण्यातून फिरल्यासारखा फिरतो. माझा थेट अंगठ्याकडे येतो. पहिल्या सहा महिन्यांत मी एकही टोपली पुरी केली नाही, पण बँडएडचे तीन डबे संपवले. आता मला चांदणीचा आकाशकंदील बऱ्यापैकी जमतो. मामांच्या मते 'चालंल'. हे सर्टिफिकेट मी फ्रेम करून लावणार आहे.

या नादात कोंढाण्याची लेणी पुन्हा पाहिली. राजमाचीच्या पोटात, उल्हास खोऱ्याच्या बाजूला असलेली ही बौद्ध लेणी बावीसशे नाही तरी दोन हजार वर्षं जुनी नक्कीच. आधी गेलो होतो तेव्हा पावसाळा होता, वरून धबधबा कोसळत होता आणि आमचं सगळं लक्ष भिजण्याकडे. या वेळी चैत्यगृहाची कमान नीट बघितली. तिथल्या तुळया, वासे, जाळ्या, सगळं लाकडी बांधकामासारखं आणि सगळं दगडात! ज्यांनी ते कोरलं त्यांच्या डोळ्यांसमोर लाकडाची आणि बांबूची घरं होती. दगड हातात आला तरी हाताला सवय कामट्यांची. मामांना फोटो दाखवला तर म्हणाले, 'एवढ्या दगडात करायचं तर बांबू काय वाईट होता?'

बाकी डिसेंबरात कर्जत आमचं राहत नाही, हे खरं. शनिवारी सकाळपासून गाड्यांची रांग लागते. फार्महाऊसं फुल, नाताळ ते एकतीसपर्यंत भाडी दुप्पट, रात्री पेज नदीच्या काठाने डीजे. पेज बारमाही वाहते याचं पर्यटकांना फार कौतुक. ती वाहते कारण टाटांच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रातून, वीज काढून झालेलं पाणी तिच्यात सुटतं. १९२२ पासूनचं हे केंद्र. त्याच पाण्यावर इथले काही शेतकरी उन्हाळ्यात दुसरं भात घेतात. म्हणजे मुंबईकर ज्या पाण्यात राफ्टिंग करतो त्यावर आधी मुंबईचा दिवा लागलेला असतो आणि नंतर कर्जतचं भात पिकतं. एका पाण्याने आणखी किती कामं करायची?

'ख्रिश्चन? मग मराठी कशी काय बोलते?'

माझी बायको वसईची. सामवेदी ख्रिस्ती. तिच्या घरी जी बोली बोलतात तिला कादोडी म्हणतात आणि ती मला अजून अर्धीच कळते. लग्नानंतर आमच्या नातेवाइकांनी विचारलेला सगळ्यात कॉमन प्रश्न वरच्या मथळ्यात दिलाय. मी सुरुवातीला चिडायचो. आता शांतपणे सांगतो, '२०२० सालच्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते? फादर फ्रान्सिस दिब्रिटो. कुठले? वसईचे.' पुढचा प्रश्न सहसा येत नाही.

माझ्या आईने मात्र कधीच काही विचारलं नाही. ती थेट स्वयंपाकघरात घुसली. पहिल्या नाताळाला बायको नेवऱ्या करायला बसली तेव्हा आईने दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, 'अगं, ही तर करंजी!' मग कातणं घेऊन तीही बसली. कलकल करताना काट्या-चमच्यातल्या काट्यावर कणकेची गोळी दाबून गुंडाळायची असते, ते तिला इतकं आवडलं की आता दिवाळीच्या शंकरपाळ्यांतही एक घाणा कलकलांचा असतो. आमच्याकडे कंदील दिवाळीला लागतो आणि जानेवारीत उतरतो. मध्ये फक्त बल्बचा रंग बदलतो. आईने या तारखांना मिळून 'मोठी दिवाळी' असं नाव दिलंय. केक बायकोचं डिपार्टमेंट. मनुका, चेरी, काजू सगळं नोव्हेंबरातच रममध्ये भिजत पडतं आणि आई बरणी पुसताना ती जरा लांब धरते, एवढंच.

सगळं असं छान. फक्त बायकोचे वडील आमच्या लग्नाला आले नाहीत.

भांडण नव्हतं. आरडाओरडा नव्हता. रजिस्टर लग्नाची नोटीस लागली, महिनाभर वाट बघायची असते ती बघितली, सह्या झाल्या. तिची आई आणि धाकटा भाऊ आले. पपा त्या दिवशी वाडीत केळींना पाणी देत होते. त्यानंतरही ते मुलीशी बोलायचे, पण माझं नाव निघालं की उठून वाडीत जायचे. बायको नाताळला एकटीच माहेरी जायची, चोवीसच्या रात्रीची मिस्सा करून पंचवीसला संध्याकाळी परतायची. डब्यात केक, नेवऱ्या, इंदाल. आणि डोळे सुजलेले.

मी काय करणार? गिफ्ट पाठवायचो. पहिल्या वर्षी ब्रँडेड शर्ट पाठवला. तो बॉक्समधून निघालाच नाही. दुसऱ्या वर्षी चांगली वाइन. ती शोकेसमध्ये जाऊन बसली, लेबल भिंतीकडे करून. बायको म्हणाली, 'तू त्यांना दुकानातलं देतोस. त्यांना दुकानातलं काही नको असतं रे.' मग काय हवं असतं? हे तिलाही सांगता येईना.

महडच्या वाटेवर

गेल्या वर्षी डिसेंबरातच आईला महडला जायचं होतं. अष्टविनायकांतला वरदविनायक, खालापूर तालुक्यातला. देऊळ १७२५ मध्ये रामजी महादेव बिवलकरांनी बांधलेलं. आमच्या सेकंडहँड गाडीत तिघं बसलो आणि चौकच्या रस्त्याने निघालो.

चौकच्या आसपास इर्शाळगडाचा सुळका दिसायला लागतो आणि आमच्या गाडीत तिथे कुणी बोलत नाही. इर्शाळगडाच्या ट्रेकला जाताना वाटेत वाडी लागायची. तिथल्या एका घरात आम्ही चहा घ्यायचो, पोहे सांगून ठेवायचो. २०२३ च्या १९ जुलैला रात्री त्या वाडीवर दरड आली. सत्तावीस जणांचे मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. आमच्या ट्रेकच्या फोटोंमध्ये ती वाडी नेहमी 'बॅकग्राउंड'ला होती. त्यानंतर मी ते फोटो उघडून, झूम करून बघितले. ज्या घरात चहा प्यायलो तिथल्या माणसांचं नाव मी कधी विचारलं नव्हतं. कशेळ्याच्या मामांकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आधी नाव विचारलं, ते यामुळे.

महडला दर्शन झालं. परत येताना आतल्या रस्त्याने आलो. भात केव्हाच कापून, झोडून झालेलं. मोकळ्या खाचरांत वालाचं हिरवं पसरलेलं आणि बांधाच्या कडेला पेंढ्याच्या उडव्या. सोनेरी, गोल, डोक्यावर टोपी घातल्यासारख्या. बायको एकदम गप्प झाली. माझी बायको गप्प होणं ही लोकल वेळेवर येण्याइतकी दुर्मिळ घटना आहे. मी विचारलं, 'काय गं?'

ती म्हणाली, 'पपा गोठ्यासाठी असाच पेंढा आणायचे.'

नाताळचा गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. वसईत घरोघरी, गल्लोगल्ली करतात, पोरं रात्र रात्र जागतात. हिच्या पपांचा गोठा आळीत फेमस. डोंगर, विहीर, मेंढ्या, सगळं हाताने केलेलं. बाळ येशूला ठेवायचं ते खऱ्या पेंढ्यावर, ही त्यांची अट. आधी पेंढा त्यांच्या स्वतःच्या शेतातला असायचा. मग शेजारच्या गावातून यायचा. मग शेतांवर बिल्डिंगी आल्या. 'मागच्या वर्षी कुठेच मिळाला नाही. भावाने ऑनलाइन पार्सलमधल्या कागदाच्या पट्ट्या टाकल्या. पपा काही बोलले नाहीत. पण ते त्या रात्री गोठ्यासमोर बसलेच नाहीत.'

मी गाडी बाजूला घेतली. आई मागून म्हणाली, 'थांबलास का? आता कळलं ना काय न्यायचं ते?'

'कुणाच्या गुरांना?'

पुढच्या रविवारी मामांकडे गेलो. म्हटलं, 'मामा, पेंढा हवाय.'

'गुरं घेतलीस काय?'

'नाही हो.'

'मग कुणाच्या गुरांना?'

मी सगळं सांगितलं. देवाचा जन्म, गोठा, थंडीची रात्र, सासरे. लग्नाचं पण सांगितलं. मामांनी बिडी विझवली, उठले आणि उडवीच्या वरचा पेंढा बाजूला सारून आतला काढायला लागले. वरचा पेंढा दवाने काळवंडतो, आतला कोरडा आणि पिवळाधमक राहतो. म्हणाले, 'पोर थंडीत जन्मलंय म्हणतोस, मग कोरडाच पायजे.' चार पेंढ्या बांधल्या. पैसे विचारले तर रागावले. 'तो कंदील करतोस तो दे एक. नातीला.' मी आयुष्यात केलेला सगळ्यात सरळ कंदील त्यांना दिला. म्हणजे पाच टोकांपैकी चार सरळ.

आता प्रश्न, पेंढा वसईला न्यायचा कसा? गाडी नेमकी गॅरेजमध्ये. मग आपली लोकल. रविवारची सकाळ, कर्जत ते दिवा, लगेजच्या डब्यात. चार पेंढ्या जुन्या साडीत बांधलेल्या, तरी टोकं बाहेर. डब्यात दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या आणि एक बाई फुलांचा भारा घेऊन. सगळे माझ्याकडे बघतायत. जीन्स, पाठीला लॅपटॉपची सॅक आणि हातात पेंढा. वांगणीला चढलेल्या एका काकांनी विचारलंच, 'साहेब, म्हैस कुठे ठेवलीय?' अख्खा डबा हसला. मी पण. मग त्यांना खरं सांगितलं, तर ते म्हणाले, 'सासऱ्याला पेंढा? लई डेरिंग आहे तुमच्यात.' दिव्याला उतरताना त्यांनीच एक बाजू धरली.

दिवा-वसई गाडी म्हणजे वेगळंच जग. भिवंडी रोड, खारबाव, कामण, जूचंद्र. खिडकीतून कुठे कुठे भाताची खाचरं दिसतात आणि त्यांच्यामागे गोदामं. ही खाचरं आणखी किती वर्षं राहतील, असा विचार आला आणि मांडीवरच्या पेंढ्याचं वजन थोडं वाढल्यासारखं वाटलं. वसई रोडला उतरलो, रिक्षावाल्याने पेंढा बघून पन्नास रुपये जास्त सांगितले. दिले.

सासुरवाडीच्या दारात मी पहिल्यांदाच उभा होतो. अंगणात अर्धा झालेला गोठा. सासूबाई बाहेर आल्या, मला बघून त्यांचा हात तोंडावर गेला. पपा वाडीतून आले. पायाला चिखल, हातात कोयता. (बांबूमुळे कोयत्याची सवय होती म्हणून, नाहीतर मी पळालोच असतो.) मी काही बोललो नाही. साडी सोडली.

त्यांनी एक पेंढी उचलली. वास घेतला. एक काडी मोडून बघितली. मग अंगठा आणि करंगळी ताणून तिची लांबी मापली. आणि लग्नानंतर माझ्याशी पहिलं वाक्य बोलले :

'आखूड आहे.'

मी म्हटलं, 'नव्या जातीचं भात आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेल्या जाती सगळीकडे लावतात. त्यांची उंची कमी असते.' हे मला मामांनी सांगितलेलं होतं, मी फक्त पाठ करून आलो होतो.

'जुन्या जातींचा पेंढा छातीला लागायचा,' ते म्हणाले. 'पण वाऱ्याने आडवा पडायचा. हा पडत नसेल.'

'नाही पडत.'

'हं.'

एवढंच. मग ते खाली बसले आणि पेंढा सोडून, हाताने विंचरून गोठ्यात पसरायला लागले. मी बाजूला बसून काड्या देत राहिलो. अर्ध्या तासाने म्हणाले, 'बांबूची जाळी करता येते म्हणे तुम्हाला?' म्हणजे मुलगी घरी माझ्याबद्दल बोलत होती आणि ते वाडीत जाताना ऐकतही होते. मी कुंपण विणायला बसलो. त्यांनी माझं एक कुंपण उसवून पुन्हा विणायला लावलं. मामांनीही तेच केलं असतं.

निघताना त्यांनी एक पुडकं हातात दिलं. सुकेळी. वसईची राजेळी केळी उन्हात वाळवून करतात आणि केळीच्याच वाळक्या सोपात बांधतात. घरची होती. म्हणाले, 'आईंना द्या. आणि पंचवीसला जेवायला या. दोघंही.'

चोवीसच्या रात्री बायकोने तिथून फोटो पाठवला. मिस्सा झाल्यावर बाळ येशूला गोठ्यात ठेवलेलं, कर्जतच्या पेंढ्यावर. गोठ्यासमोर खुर्ची टाकून पपा बसलेले. फोटो हललेला होता. मी विचारलं नाही का ते.

पोपटी

तीन राजांच्या सणानंतर, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सगळं वसई कर्जतला आलं. सासू, सासरे, मेहुणा. मामांच्या वाडीवर पोपटी लावली. मडक्यात तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वर पुन्हा पाला ठासून. पाण्याचा थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. जाळाला काय वापरलं? अर्थातच पेंढा. पपा आणि मामा शेजारी शेजारी बसून भाताच्या जुन्या जातींची नावं काढत होते. एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने मान हलवायची. आई आणि सासूबाई सुकेळ्यांच्या रेसिपीत गुंग. मी आणि बायको शेंगा सोलत होतो. गोठ्यातला पेंढा टाकला नाही, तो केळींच्या बुंध्याशी आच्छादन म्हणून घातला, असं पपांनी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, 'मग बराय.'

यंदा ऑफिसातली बरणी फिरली. मला पुन्हा कॉफी मग मिळणार याची खात्री आहे आणि माझी तक्रार नाही. कारण नोव्हेंबरातच मला वसईहून फोन आला. बायकोला नाही, मला. 'हॅलो' वगैरे काही नाही. थेट मुद्दा.

'यंदा पेंढा जरा लांब बघ.'

'बघा' नाही, 'बघ'. मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

कर्जत-खालापूरला जाताय?

कसं जाल : मध्य रेल्वेची कर्जत लोकल. खालापूर-खोपोलीच्या बाजूला जायचं तर कर्जतहून खोपोली लोकल. गाडीने जाणार असाल तर नाताळ ते एकतीसच्या शनिवार-रविवारी पहाटे निघा, नाहीतर एक्स्प्रेस वेवरच पिकनिक होईल.

काय बघाल : कोंढाण्याची लेणी डिसेंबरात बघा, गर्दी नसते आणि दगडावरचं काम नीट दिसतं. महडचा वरदविनायक. इतिहासाची आवड असेल तर खालापूर तालुक्यातलं उंबरखिंड. १६६१ च्या फेब्रुवारीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज इथे कोंडली. नेरळहून माथेरान आहेच. तिथली छोटी गाडी १९०७ सालची आणि वर मोटारींना बंदी.

गिफ्ट काय आणाल : शेतकऱ्याकडून थेट नवा तांदूळ, कडवे वाल, बांबूचं सूप किंवा टोपली, माथेरानची चिक्की. टोपलीवाल्याशी घासाघीस करू नका. आधी एकदा स्वतः कामटी तासून बघा.

काय खाल : स्टेशनवर वडा. डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी कुणी पोपटीला बोलावलं तर नाही म्हणू नका.

आणि एक : वाटेत ज्यांच्या घरी चहा घ्याल, त्यांचं नाव विचारा.